जुन्या फ्रेमवर फुल सस्पेन्शन माउंटन बाइक जोडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तयार सायकल सोडून फ्रेमपासून सुरुवात का करायची? पैसे वाचतात का?

बहुतेक वेळा वाचत नाहीत. चालू स्थितीतली अख्खी जुनी सायकल तिच्या सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा जवळजवळ नेहमी स्वस्त पडते. बचत होते ती एकाच परिस्थितीत. घरात आधीच एखादी बरी हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) असेल आणि तिचे ब्रेक, गिअर, चाकं, हँडल नव्या फ्रेमवर चढणार असतील, तर खर्च निम्म्यावर येऊ शकतो.

तरीही मी जोडणीच्या बाजूने आहे. फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे हादरे शोषणारी) सायकल म्हणजे बेअरिंग, बुश (बोल्टभोवतीची बाही), सील आणि तेल. यातलं काहीही कधीही कुरकुरायला लागतं. सातारा, रत्नागिरी किंवा संभाजीनगरला राहणाऱ्या माणसाला शॉक (मागचे हादरे झेलणारा भाग) ओळखणारा मेकॅनिक गावात सापडेलच असं नाही. जो स्वतःच्या हाताने प्रत्येक बोल्ट बसवतो, त्याला आवाज कुठून येतोय हे कळतं आणि तो दुरुस्तही करता येतो. शिवाय खर्च चार-सहा महिन्यांत विभागता येतो, ही नोकरदार माणसासाठी छोटी गोष्ट नाही.

मला फुल सस्पेन्शन खरंच लागणार आहे का?

पुण्याच्या वेताळ टेकडीवर सकाळी तासभर फिरायचं असेल तर हार्डटेल पुरते. फुल सस्पेन्शनचा फरक कळतो तो लांबलचक दगडी उतारावर, पावसाने चिरा पाडलेल्या मुरमाच्या वाटेवर आणि कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर, जिथे दोन तास सलग हादरे बसतात. पाठ किंवा गुडघे कुरबुर करत असतील तर तेही पुरेसं कारण आहे.

कुठल्या काळातली फ्रेम शोधू?

माझ्या मते साधारण २०१४ ते २०१९ मधली, ॲल्युमिनियमची, १२० ते १५० मिलिमीटर ट्रॅव्हलची (म्हणजे चाक तेवढं वरखाली होणारी). त्याआधीच्या बऱ्याच फ्रेम २६ इंची चाकाच्या आहेत. त्या वाईट नाहीत, पण २६ इंची चांगला फोर्क (पुढचं चाक धरणारा भाग) आणि चांगले टायर शोधता शोधता दम लागतो. २०१९ नंतरच्या फ्रेम सुंदर आहेत, पण त्या सुट्या आणि परवडणाऱ्या दरात क्वचित मिळतात.

या मधल्या काळातल्या फ्रेमवर चार गोष्टी बघा : चाक २७.५ किंवा २९ इंची, मागे १२ मिलिमीटरचा थ्रू ॲक्सल (चाकातून आरपार जाणारा दांडा), खाली रुंद होणारी टेपर्ड हेडट्यूब (फोर्क जिच्यात बसतो ती पुढची नळी), आणि ड्रॉपर सीटपोस्टची (चालवताना सीट खाली-वर करणाऱ्या दांड्याची) केबल घालायला जागा. पहिल्या तीन नसतील तर फ्रेम फुकट मिळाली तरी पुढे अडचणीच जास्त.

कार्बन फ्रेमबद्दल एवढंच सांगेन की पहिल्या जोडणीसाठी नको. आतली इजा वरून दिसत नाही, आणि विकणाऱ्यालाही ती माहीत नसू शकते.

माझ्या मापाची आहे हे कसं ओळखू?

स्मॉल, मीडियम, लार्ज या अक्षरांवर जाऊ नका. ‘रीच’ बघा, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा दांडा जिथे फिरतो त्या जागेच्या) मध्यापासून हेडट्यूबच्या वरच्या तोंडापर्यंतचं आडवं अंतर. कंपनीचे त्या वर्षीचे जॉमेट्री तक्ते बहुधा इंटरनेटवर सापडतात. दहा वर्षांपूर्वीच्या फ्रेम आजच्यापेक्षा आखूड असायच्या. त्यामुळे दोन मापांच्या मध्ये अडकला असाल तर मोठं माप घ्या आणि छोटा स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा भाग) लावा. मात्र सीटट्यूबची (सीटपोस्ट जिच्यात जातो त्या नळीची) उंची तपासा. जुन्या मोठ्या फ्रेमची सीटट्यूब इतकी उंच असते की ड्रॉपर पूर्ण आत जात नाही.

अशा फ्रेम मिळतात कुठे?

पुणे, मुंबई, बंगळुरू इथल्या सायकलस्वारांच्या ओळखीतून, वापरलेल्या वस्तूंच्या संकेतस्थळांवर, आणि अपग्रेड करणाऱ्या मित्रांकडून. आपल्याकडे आणखी एक वाट आहे : कॅलिफोर्निया, लंडन किंवा सिडनीत राहणारी भाची, पुतण्या किंवा मित्र. तिकडे जुन्या फ्रेम भरपूर निघतात. मागचा त्रिकोण आणि शॉक सुटा केला की फ्रेम विमानाच्या नेहमीच्या चेक-इन खोक्यात बसते. लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटरची मर्यादा बहुतेक विमान कंपन्यांची असते, तेवढं जमतं. शॉकमधली हवा सोडून मगच पाठवायला सांगा. सोबत खरेदीची पावती ठेवायला सांगा आणि सामानावरच्या शुल्काचे त्या वेळचे नियम आधी पाहून घ्या. वापरलेली फ्रेम कुरिअरने परदेशातून मागवण्याच्या फंदात मात्र पडू नका. वापरलेल्या मालाच्या आयातीवर बंधनं आहेत, आणि कस्टममध्ये अडकलेलं खोकं सोडवताना फ्रेमची किंमत विसरायला होते.

फ्रेम कुठूनही घ्या, बॉटम ब्रॅकेटखालचा सिरियल नंबर बघा आणि मूळ पावती मागा. नंबर घासलेला असेल तर तिथूनच परत फिरा.

विकणाऱ्याला फोनवर काय विचारावं?

शॉक सोबत आहे का? मागचा ॲक्सल आहे का? डिरेलर हँगर (मागचे गिअर बदलणारा डिरेलर ज्याला टांगतात तो छोटा तुकडा) आहे का? शॉकचे बोल्ट, बुश, स्पेसर सगळे आहेत का? बेअरिंग कधी बदलले? या पाचपैकी ॲक्सल आणि हँगर लोक सर्रास हरवतात, आणि दोन्ही त्या-त्या फ्रेमपुरते असतात. ॲक्सल १२ मिलिमीटरचाच असला तरी आट्यांची पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) वेगवेगळी असते : सिंटेसच्या पद्धतीत १.०, शिमानोच्या ई-थ्रूमध्ये १.५, मॅक्सलमध्ये १.७५. लांबीही वेगळी. दुसऱ्या सायकलचा ॲक्सल जबरदस्तीने फिरवला तर फ्रेमचे आटे जातात.

हँगरचं सर्वांना चालेल असं माप स्रॅमने २०१९ मध्ये आणलं. त्याआधीच्या फ्रेमला त्याच फ्रेमचा हँगर लागतो. म्हणून पैसे देण्याआधी त्याचा नंबर शोधा आणि जमलं तर दोन मागवून ठेवा.

फ्रेम हातात आली. आता काय तपासू?

आधी धुवा. मळलेल्या फ्रेमची तपासणी म्हणजे नुसतं समाधान. धुऊन, पुसून, दिवसाच्या उजेडात बाहेर न्या.

तडे ठरावीक जागी पडतात. हेडट्यूब आणि डाउनट्यूब (तिथून बॉटम ब्रॅकेटकडे उतरणारी नळी) जिथे जुळतात तिथे खालच्या बाजूने बघा. सीटट्यूबचं वरचं तोंड, जिथे क्लॅम्प आवळतो, ते बघा. सीटपोस्ट वर काढून चालवणाऱ्यांच्या फ्रेम तिथेच फाटतात. मग बॉटम ब्रॅकेटभोवतीचे जोड, मुख्य पिव्होटची (मागचा त्रिकोण जिथे फिरतो त्या सांध्याची) जागा, चेनस्टे (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खालच्या नळ्या) जोडणारा आडवा पूल, आणि शॉक जिथे फ्रेमला बांधला आहे ती कानं. संशयास्पद रेष दिसली तर नख फिरवा. नख अडकलं तर तो नुसता रंगाचा ओरखडा नाही. त्या जागी पातळ तेल लावून पुसा. तड्यातून तेल परत झिरपून बाहेर येतं.

पोचा पडला असेल तर घाबरू नका, पण जागा बघा. डाउनट्यूबच्या मध्यावर दगड लागून पडलेला गुळगुळीत पोचा चालतो. पोच्याला टोकदार घडी असेल किंवा तो वेल्डच्या जवळ असेल तर नको.

मग सरळपणा. हेडट्यूबपासून मागच्या दोन्ही ड्रॉपआउटपर्यंत (ॲक्सल बसतो त्या जागांपर्यंत) दोरा ताणा आणि सीटट्यूबपासून दोऱ्याचं अंतर दोन्हीकडे मोजा. एखाद-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. शेवटी आटे : बॉटम ब्रॅकेटचे, ब्रेकच्या कानांचे, पिव्होटच्या बोल्टचे. एकेक बोल्ट बोटांनी फिरवून बघा. बोटांनी तीन-चार फेरे गेला पाहिजे.

छोटा तडा आहे. आर्गन वेल्डिंग करून घेतलं तर?

नको, आणि इथे मी अजिबात मवाळ नाही. सायकलच्या ॲल्युमिनियम फ्रेम बहुधा ६०६१ किंवा तत्सम मिश्रधातूच्या असतात. वेल्ड झाल्यावर त्या कारखान्यात भट्टीत तापवून टी-६ या मजबूत अवस्थेला आणतात. गल्लीतला वेल्डर कितीही कसबी असला तरी त्याच्या वेल्डिंगची आच लागली की जोडाभोवतीच्या धातूची ती ताकद उतरते. नवा टाका टिकतो आणि त्याच्या शेजारी नवा तडा जातो. हे उतारावर, हेडट्यूबपाशी घडलं तर जीवावर बेतेल. तडा असलेली फ्रेम भिंतीला टांगा किंवा भंगारात द्या.

फ्रेमसोबत शॉक नाही. कुठलाही बसवता येईल का?

अख्ख्या जोडणीतला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

शॉकची दोन मापं असतात. पहिलं लांबी, म्हणजे दोन्ही बोल्टच्या मध्यांतलं अंतर. दुसरं स्ट्रोक, म्हणजे शॉक किती दबतो. २००×५७ लिहिलं असेल तर लांबी २०० आणि स्ट्रोक ५७ मिलिमीटर. जुन्या फ्रेमना इंचात जन्मलेली मापं लागतात : १९०×५०, २००×५०, २००×५७, २१६×६३. २०१६ मध्ये ‘मेट्रिक’ मापं आली : २१०×५०, २१०×५५, २३०×६०, २३०×६५. त्याच सुमारास ट्रनियन आला, ज्यात शॉकचा वरचा कान नसतो आणि बोल्ट थेट शॉकच्या अंगात दोन बाजूंनी जातात : १८५×५५, २०५×६५. या तीन घरांची आपसात सोयरीक होत नाही. २०० ची जागा २१० घेऊ शकत नाही.

का, ते समजून घ्या. मागच्या चाकाचं ट्रॅव्हल भागिले शॉकचा स्ट्रोक म्हणजे लिव्हरेज गुणोत्तर. १५० मिलिमीटरची फ्रेम आणि ५७ चा स्ट्रोक असेल तर ते साधारण २.६ येतं. म्हणजे शॉकची लांबी ५ मिलिमीटरने चुकली की मागचं चाक सुमारे १३ मिलिमीटरने वरखाली होतं. बॉटम ब्रॅकेटची उंची बिघडते, हेड अँगल (हेडट्यूबचा कल) बिघडतो. स्ट्रोक जास्त घेतला तर त्याहून वाईट : पूर्ण दबल्यावर टायर सीटट्यूबला किंवा लिंक (शॉकला जोडलेला हलता दुवा) फ्रेमला जाऊन आपटते. स्ट्रोक थोडा कमी चालतो, ट्रॅव्हल तेवढं घटतं. जास्त कधीच चालत नाही.

म्हणून कुठलाही शॉक पहिल्यांदा बसवताना त्यात हवा भरू नका. चाक लावून, हवा न भरता, मागचा भाग शेवटपर्यंत दाबा आणि हळूहळू बघा : टायर कुठे लागतं का, लिंक कुठे घासते का, शॉकचा हवेचा व्हॉल्व्ह फ्रेमला टेकतो का.

दोन्ही टोकांना लागणारे बुश आणि स्पेसर वेगळे विकत घ्यावे लागतात. फ्रेमच्या कानांमधली रुंदी आणि बोल्टचा व्यास, बहुधा ८ किंवा १० मिलिमीटर, व्हर्नियरने मोजा. बाजारात मिळाले नाहीत तर चांगला लेथवाला ॲल्युमिनियमच्या दांड्यातून स्पेसर करून देतो. मोजमापाचा कागद न्या, तोंडी सांगू नका.

काही फ्रेमना मात्र बाहेरचा शॉक बसतच नाही. ट्रेकच्या डीआरसीव्ही शॉकच्या फ्रेम, कॅननडेलच्या जेकिलमधला ओढला जाणारा डायड शॉक, स्पेशलाइज्डच्या अनेक फ्रेममधली खास योकची (शॉकचं टोक धरणाऱ्या दुबोटी तुकड्याची) जोडणी. या उत्तम सायकली होत्या. पण त्यांचा मूळ शॉक गेलेला असेल तर सुटी फ्रेम घेऊ नका.

जुना शॉक घेताना काय बघायचं?

चमकता दांडा बोटाने चाचपा. खोल ओरखडा असेल तर हवा आणि तेल तिथून निघणार. शॉक दाबून सोडल्यावर ‘चुळुक’ असा पाण्यासारखा आवाज आला तर डॅम्परमध्ये (शॉकच्या तेलाच्या भागात) हवा शिरली आहे. हवेच्या भागाचे सील घरी बदलता येतात, कंपन्यांची माहितीपत्रकं मोफत मिळतात. डॅम्परच्या मागे दाबाने भरलेला नायट्रोजन असतो, तो घरी उघडायचा नाही. भारतात हे काम नीट करणारे मोजकेच आहेत. त्यांच्याकडे पाठवायचा खर्च भाव करतानाच धरा.

एक धोक्याची सूचना. हवा सोडूनही शॉक दबलेलाच राहिला, वर येत नसेल, तर तो उघडायचा प्रयत्न करू नका. आत चुकीच्या बाजूला मोठा दाब अडकलेला असतो आणि डबा गोळीसारखा सुटू शकतो.

पिव्होटची बेअरिंग कंपनीकडूनच घ्यावी लागतात का?

बहुतेकदा नाही, आणि ही आपल्यासाठी मोठी सोय आहे. पिव्होटमध्ये साध्या औद्योगिक मापांची बेअरिंग असतात, रबरी सीलच्या कडेवर नंबर छापलेला असतो. ६९०२ म्हणजे आतला व्यास १५, बाहेरचा २८, जाडी ७. ६९०३ म्हणजे १७×३०×७. ६९०० म्हणजे १०×२२×६. ६८०२ म्हणजे १५×२४×५. एसकेएफ याच बेअरिंगना ६१९०२, ६१९०३, ६१९००, ६१८०२ म्हणते, म्हणून दुकानदार ‘हा नंबर नाही’ म्हणाला तर दुसरा नंबर सांगून बघा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर आणि एमआयडीसी असलेल्या बहुतेक गावांत बेअरिंगचं दुकान असतं. नंबरापुढे ‘२आरएस’ हवं, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. पत्र्याच्या सीलचं स्वस्त बेअरिंग पहिल्या पावसात गंजतं.

काही बेअरिंग खास असतात : आतली कडी रुंद, किंवा गोळ्यांची पट्टी काढून जास्त गोळ्या भरलेली. पिव्होटमध्ये बेअरिंग पूर्ण फिरत नाही, काही अंशच मागेपुढे होतं. त्यामुळे भार त्याच त्या गोळ्यांवर येतो आणि कडीवर खड्डे पडतात. जास्त गोळ्यांचं बेअरिंग तिथे जास्त टिकतं. मुख्य पिव्होटसाठी तेवढे पैसे घाला, बाकी ठिकाणी साधं चालतं.

खराब बेअरिंग ओळखायचं कसं? शॉक काढा आणि मागचा त्रिकोण हाताने वरखाली करा. लोण्यासारखा फिरला पाहिजे. खरखर, टप्पे, किंवा मध्येच अडकणं म्हणजे बदलायची वेळ. मग चाक लावून त्रिकोण आडवा हलवा. प्ले (सैलपणा) जाणवला तर आधी बोल्ट आवळून बघा, तरी राहिला तर बेअरिंग.

ती काढायची-बसवायची कशी? हातोडीने चालेल का?

बसवताना हातोडी नाही. जाड आट्याची सळई, दोन नट, जाड वायसर आणि योग्य व्यासाचे सॉकेट घ्या. एका बाजूला बेअरिंग, दुसऱ्या बाजूला आधार, आणि नट फिरवत सरळ रेषेत आत ओढा. दाब नेहमी बाहेरच्या कडीवर पडला पाहिजे. आतल्या कडीवर दाबलं तर नवं बेअरिंग बसतानाच खराब होतं. तिरकं जायला लागलं तर थांबा, काढा, पुन्हा सुरू करा. फ्रेमची जागा एकदा लंबगोल झाली की तिला औषध नाही.

बसवण्याआधी सील सुईने अलगद उचलून आतली जागा चिवट, पाण्याला दाद न देणाऱ्या ग्रीसने गच्च भरा. वेगाने फिरणाऱ्या मोटरच्या बेअरिंगमध्ये असं करत नाहीत, इथे वेगच नाही. पिव्होटच्या बोल्टवर निळं थ्रेडलॉकर लावा आणि कंपनीने दिलेल्या आकड्यावर टॉर्क रेंचने आवळा. ‘हाताला घट्ट लागलं’ हे माप पिव्होटला चालत नाही.

फोर्क किती ट्रॅव्हलचा?

फ्रेम ज्यासाठी बनली तेवढाच, फार तर १० मिलिमीटर जास्त. दर १० मिलिमीटरला हेड अँगल साधारण अर्ध्या अंशाने मागे झुकतो आणि हेडट्यूबवरचा ताण वाढतो. १३० च्या फ्रेमला १६० चा फोर्क लावणारे भेटतात, मी तसं करणार नाही.

जुना फोर्क घेताना स्टीअररची (फोर्कच्या, हेडट्यूबमधून वर येणाऱ्या नळीची) लांबी सगळ्यात आधी विचारा. हेडट्यूब, हेडसेट (फोर्क ज्यावर फिरतो ती बेअरिंग आणि कप) आणि स्टेम यांची उंची मिळून जेवढी होते त्यापेक्षा तो आखूड कापलेला असेल तर बाकी सगळं उत्तम असून उपयोग नाही. पुढचा ॲक्सल १००×१५ की ‘बूस्ट’ नावाचा रुंद ११०×१५, हेही तेव्हाच विचारा, कारण पुढचं चाक त्यावर ठरतं.

हेडसेटच्या कोडांनी डोकं फिरतं.

व्हर्नियर लावा आणि हेडट्यूबचे आतले दोन व्यास मोजा. वर-खाली ३४ असेल तर सरळ जुना फोर्कच बसतो, ती फ्रेम सोडा. दोन्हीकडे ४४ असेल तर खाली बाहेर दिसणारा कप लावून टेपर्ड फोर्क बसतो. वर ४४ आणि खाली ५६ असेल तर टेपर्ड फोर्क आत लपणाऱ्या कपांसह बसतो. काही फ्रेममध्ये कपच नसतात, बेअरिंग थेट फ्रेममध्ये बसतं. तेव्हा जुन्या बेअरिंगवरचा व्यास आणि कोन वाचून तेच आणा.

बॉटम ब्रॅकेट आणि क्रँक?

आट्यांचा, ७३ मिलिमीटरचा असेल तर देवाचे आभार माना. उजवीकडचे आटे उलटे असतात, म्हणजे काढताना घड्याळाच्या दिशेने फिरवायचं. डावीकडचे सरळ. प्रेसफिट (आट्यांशिवाय दाबून बसवलेला) असेल तर आतला व्यास मोजा : ४१ असेल तर शिमानोच्या पद्धतीचं, ४६ असेल तर पीएफ३०. शिमानोचा दांडा २४ मिलिमीटर, स्रॅमचा २०१८ पासूनचा ‘डब’ दांडा जवळपास २९. आधी क्रँक ठरवा, मग बॉटम ब्रॅकेट आणा.

जुनी चाकं चालतील का?

मागच्या फ्रेमची रुंदी १४२ आहे की बूस्ट १४८, यावर सगळं आहे. १३५ च्या बऱ्याच हबना (चाकाच्या मधल्या भागांना) टोप्या बदलून १४२ करता येतं, कारण आतली रचना तीच. १४२ चा हब १४८ मध्ये बसवायला स्पेसरचं किट मिळतं, पण डिस्क सरकवावी लागते आणि चाक पुन्हा मध्यावर ओढावं लागतं. १४८ चा हब १४२ च्या फ्रेममध्ये बसत नाही. तसंच १५७ चा १४८ मध्ये.

टायर ट्यूबलेस करा, यावर चर्चा नको. सराटे आणि बाभळीच्या काट्यांच्या प्रदेशात ट्यूब घालून फिरणं म्हणजे पंचर काढायला बाहेर पडणं. आपल्या उन्हाळ्यात सीलंट (टायरमधलं भोक बुजवणारं द्रव) दोन-तीन महिन्यांत वाळतं, तेव्हा ते तपासत राहा.

गिअर कुठले लावू?

पुढे एकच चेनरिंग, ३० दातांची. मागे तुमच्या फ्रीहबवर (मागच्या हबचा, दातेरी चकत्यांचा संच म्हणजे कॅसेट बसतो तो भाग) जे बसेल ते. जुना एचजी (शिमानोच्या जुन्या पद्धतीचा) फ्रीहब असेल तर शिमानो डिओरचा ११ स्पीड, ११-५१ कॅसेट त्यावर बसतो. १२ स्पीड डिओरला मायक्रो स्प्लाइन फ्रीहब लागतो, म्हणजे हबचा वाढीव खर्च. मायक्रोशिफ्टचा ॲडव्हेंट एक्स, १० स्पीड, ११-४८, हाही एचजीवर बसतो आणि मला तो कमी पैशातला सगळ्यात समंजस पर्याय वाटतो. पुढे ३० आणि मागची मोठी चकती ४२ दातांची असेल तर गिअरचं गुणोत्तर ०.७१ येतं, ५१ ची असेल तर ०.५९. थकलेल्या पायांना सह्याद्रीच्या चढावर हा फरक फार मोठा आहे.

चेनची लांबी हार्डटेलसारखी मोजू नका. सस्पेन्शन दबताना मागचा ॲक्सल बॉटम ब्रॅकेटपासून लांब जातो आणि चेन ताणली जाते. शॉकमधली हवा सोडा, मागचा भाग पूर्ण दाबा, चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर ठेवून मगच कापा. आखूड कापली तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात डिरेलर आणि हँगर दोन्ही तुटतात. केबल आणि मागच्या ब्रेकचा होज यांचाही वळसा असाच, पूर्ण दाबून ठरवा.

ब्रेकबद्दल काही खास?

शिमानोत मिनरल ऑइल जातं. स्रॅमच्या लेव्हल, गाइड, कोड या ब्रेकमध्ये डॉट ५.१ ब्रेक फ्लुइड. एकाचं तेल दुसऱ्यात गेलं तर सील फुगतात आणि ब्रेक जातो. अमेरिकेतून आलेल्या सेटमध्ये मागचा ब्रेक उजव्या हाताला असतो. आपल्याकडे मोटरसायकलच्या सवयीने पुढचा उजवीकडे लागतो. होज अदलाबदल करून ब्लीड करावं (तेलातली हवा काढावी) लागेल, ते काम मोजणीत धरा. पुढे १८० मिलिमीटरची डिस्क पुरते, वजन ऐंशी किलोच्या वर असेल तर २०३.

हत्यारं किती लागतात?

व्हर्नियर, टॉर्क रेंच, चांगल्या ॲलन की, टी-२५ टॉर्क्स की, शॉक पंप, बॉटम ब्रॅकेट आणि कॅसेटची हत्यारं, चेन टूल, आणि वर सांगितलेली सळई. हेडसेट दाबायला तीच सळई चालते. सळई, वायसर, सॉकेट पुण्यात बोहरी आळीत एका फेरीत मिळतात. स्टीअरर कापणं आणि हँगर सरळ करणं ही दोन कामं पहिल्यांदा दुकानातून करून घ्या.

जोडायचा क्रम?

पिव्होटची बेअरिंग, मग रिकामा शॉक, मग हेडसेट आणि फोर्क, बॉटम ब्रॅकेट, चाकं. या टप्प्यावर हवेविना दाबून सगळ्या जागा तपासा. नंतर क्रँक, ब्रेक, डिरेलर, चेन, केबल. स्टीअरर कापणं सगळ्यात शेवटी, दोन-चार राइडनंतर हँडलची उंची पटल्यावर.

सॅग (अंगाच्या वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते) किती ठेवू?

राइडचे कपडे, बूट, पाण्याची पिशवी अंगावर घेऊन मोजा. मागे स्ट्रोकच्या २५ ते ३० टक्के : ५७ च्या शॉकला साधारण १४ ते १७ मिलिमीटर. पुढे १५ ते २० टक्के. शॉकवरची रबरी रिंग सीलला टेकवा, भिंतीला हात लावून सायकलवर चढा, नेहमीसारखे उभे राहा, न उसळता उतरा आणि रिंग किती सरकली ते मोजा. सॅग लागल्यावर रिबाउंड (दबून परत वर येण्याचा वेग) : फुटपाथवरून बसून खाली उतरा, मागचा भाग एकदाच उसळून शांत झाला पाहिजे.

पावसाळ्यात काय काळजी?

गाडी धुण्याच्या केंद्रावर दाबाच्या फवाऱ्याखाली सायकल धरू नका. पाणी पिव्होटच्या सीलमधून आत जातं आणि बाहेर येत नाही. बादली आणि ब्रश पुरे. मुरमाचा लाल चिखल फोर्कच्या सीलवर वाळू देऊ नका, त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसा. फोर्कच्या खालच्या नळ्यांचं तेल आणि शॉकच्या हवेच्या भागाची सफाई ५० तासांनी, असं रॉकशॉक्स सांगतं. आपल्या धुळीत ते तंतोतंत पाळा. दसऱ्याच्या सुमारास शॉक काढून पिव्होट हाताने फिरवून बघा, चार महिन्यांच्या पाण्याचा हिशेब तिथे कळतो.

पहिल्या राइडआधी आणि नंतर?

आधी मोकळ्या सपाट रस्त्यावर ब्रेक मुरवा : बऱ्यापैकी वेग घ्या, चाक न अडवता जवळजवळ थांबेपर्यंत दाबा, सोडा. पुढच्या आणि मागच्या ब्रेकला वीस-वीस वेळा. मग जवळच्या टेकडीवर छोटी फेरी, पंप आणि ॲलन की सोबत. परत आल्यावर पिव्होटचा प्रत्येक बोल्ट, शॉकचे दोन्ही बोल्ट, स्टेम आणि क्रँक यांचा टॉर्क पुन्हा तपासा. नवी बेअरिंग पहिल्या काही तासांत आपल्या जागी बसतात आणि बोल्ट थोडे ढिले पडतात. हीच तपासणी तिसऱ्या-चौथ्या राइडनंतर पुन्हा एकदा करा.